गिरणीतली हिरवी खूण

खोकले गोळा करायची वेळ आली तेव्हा प्रणालीला सगळ्यात आधी आई आठवली.

पुण्यातल्या ज्या लहानशा कंपनीत ती कामाला होती, तिथं मोजकीच माणसं होती आणि सगळ्यांना एकाच गोष्टीचं वेड लागलं होतं. माणसानं मोबाइलसमोर खोकायचं आणि मोबाइलनं सांगायचं, छातीत रोग आहे की नाही. हिरवी खूण आली तर निर्धास्त घरी जा, लाल आली तर दवाखाना गाठा. ॲपचं नाव ‘कानोसा’. ते प्रणालीनंच सुचवलेलं.

तसं पाहिलं तर खोकला म्हणजे छातीतून सुटलेला हवेचा स्फोट. आधी स्वरयंत्राची दारं घट्ट मिटतात, मागं हवा कोंडते आणि मग दारं फाटकन उघडतात. ती हवा ज्या नळ्यांमधून बाहेर येते, तिथल्या सुजेचा, कफाचा, कोरडेपणाचा ठसा आवाजावर उमटतो. आपल्या कानाला तो कळतोच असं नाही, पण आवाजाचं चित्र काढलं की त्यात दिसतो. अशी हजारो चित्रं यंत्राला दाखवायची आणि प्रत्येक वेळी सांगायचं, हे आजारी माणसाचं, हे निरोग्याचं. फरक कुठं बघायचा हे त्याला कुणी शिकवत नाही. तो यंत्र आपलं आपणच शोधून काढतं. आणि नेमका कोणता फरक शोधला, हे काही ते सांगत नाही.

आजाऱ्यांचे खोकले दवाखान्यांमधून मिळत होते. अडलं होतं ते निरोगी माणसांच्या खोकल्यांवर. धुळीचा, तंबाखूचा, नुसत्या सवयीचा खोकला. तो द्यायला कोण मुद्दाम येणार?

“दिवाळीत फलटणला जाते,” प्रणाली देवदत्त सरांना म्हणाली. कंपनी त्यांची होती. “आमची पिठाची गिरणी आहे. भाजणीच्या दिवसांत अख्खं गाव तिथं येऊन खोकतं.”

प्रणालीचे वडील ती शाळेत जायच्या आधीच गेले होते. तेव्हापासून रंजनानं, म्हणजे तिच्या आईनं, ती गिरणी एकटीनं चालवली. इतकी वर्षं पीठ छातीत जाऊन रंजनाचा खोकला पक्का मुरला होता. लहानपणी प्रणाली गल्लीत खेळत असायची तेव्हा त्या खोकल्यावरून तिला कळायचं, आई गिरणी आवरून घराकडं निघाली.

त्या दिवाळीत प्रणाली गिरणीच्या दारात मोबाइल घेऊन बसली. गावातल्या डॉक्टरांनी तपासून निरोगी ठरवलेली माणसं एकेक करून खोकत होती. मागं गिरणी घरघरत होती, पट्टा फटफटत होता, चकलीच्या भाजणीचा खमंग वास सुटला होता. रंजनाची तर चंगळच झाली. येईल त्याला ती सांगत होती, “खोका की, लाजता काय! माझ्या पोरीला पाहिजेत. खोकल्यालासुद्धा चांगले दिवस आले बघा!”

समोरच्या घरातून जैबूनभाभी आल्या. त्यांचा बांगड्यांचा धंदा. रंजनाची आणि त्यांची मैत्री इतकी जुनी, की प्रणालीच्या बारशाला पाळणा सजवला तो भाभींनीच. त्यांचे मालक हसनचाचा पूर्वी टेम्पो चालवायचे. प्रणालीच्या बारावीच्या परीक्षेला रोज तेच तिला केंद्रावर सोडायचे आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर झाडाखाली थांबायचे. आता अर्धांगवायूनं त्यांची एक बाजू गेली होती आणि ते घराबाहेर पडत नव्हते.

“आमच्या ह्यांचा पण खोकला घे ना,” भाभी म्हणाल्या.

“चाचांना गिरणीपर्यंत आणायचं कसं? राहू दे भाभी, एवढे पुष्कळ झाले.”

खोकले खरोखरच पुष्कळ झाले होते. प्रणाली पुण्याला परतली ती खूश होऊन.

पुढचं वर्ष उजाडलं आणि दूरच्या कुठल्याशा बंदरातून एका नव्या तापाची बातमी आली. पहिल्यांदा आवाज बसायचा, मग खोकला, आणि मग काहीजणांचा श्वास कोंडायचा. शास्त्रज्ञांनी त्याला अक्षरं आणि आकडे जोडून एक नाव दिलं, पण ते कुणाच्या तोंडी बसेना. लोक त्याला ‘घोगरा’ म्हणू लागले.

रोज रात्री जेवण झालं की रंजनाचा फोन यायचा आणि गिरणीत दिवसभर काय काय चर्चा झाली ते प्रणालीला कळायचं.

“भोईटेकाका म्हणत होते, आपल्याकडं नाही टिकायचा हा रोग. आपण तिखट खातो.”

“असं काही नसतं आई.”

“मी कुठं म्हणते असतं? पण मिरची दळायला केवढी गर्दी बघ! आणि ती शिवणक्लासवाली म्हणते, ओव्याची पुरचुंडी गळ्यात बांधायची. दुकानात ओवा औषधालाही राहिला नाही.”

दोघी हसायच्या. पहिल्या पहिल्या दिवसांत सगळेच हसत होते. कुणाचा नुसता घसा खवखवला तरी मित्र लांब पळायचं नाटक करायचे. मग मुंबईत माणसं गेली. मग पुण्यात. साताऱ्यात पहिला रुग्ण सापडला त्या दिवशी फलटणच्या बाजारात दुपारीच शुकशुकाट झाला, आणि मिरची खाणाऱ्या भोईटेकाकांनी घरातल्या नातवंडांना अंगणात येऊ देणं बंद केलं. मुंबईहून गावी आलेल्या एका कुटुंबाला पाणी कुणी द्यायचं यावरून आळीत भांडणं झाली. शेवटी हंडा रंजनानंच नेऊन ठेवला.

घशातून नमुना घेऊन करायची तपासणी होती, पण तिचा निकाल यायला वेळ लागायचा आणि लस तर अजून कागदावरही नव्हती. अशात कुणीतरी कानोसाची आठवण काढली. देवदत्त सरांना मुंबईहून सरकारचं बोलावणं आलं. घोगऱ्याच्या वॉर्डांमधून रुग्णांचे खोकले आले. शांत, बंद खोल्यांमधले, एकेकट्या माणसांचे. निरोगी खोकले तर आधीचेच तयार होते. प्रणाली आणि तिचे सहकारी ऑफिसातच जेवले, ऑफिसातच झोपले. यंत्र शिकलं. चाचणीत ते इतकं बरोबर निघालं, की देवदत्त सरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

बघता बघता हिरवी खूण म्हणजे परवानाच झाला. एसटीत चढताना खोका, बाजारात शिरताना खोका, लग्नाच्या मांडवात शिरताना खोका. घराघरांत यंत्र बऱ्यापैकी बरोबर सांगत होतं, त्यामुळं कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

रंजनाच्या अभिमानाला तर सीमा राहिली नाही. पिठाची गिरणी बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून ती उघडीच होती. तिनं दारात स्टूल मांडून त्यावर स्वतःचा मोबाइल ठेवला. आधी खोकायचं, मग डबा आत. रोज सकाळी पट्टा चढवला की पहिला खोकला तिचा स्वतःचा. हिरवी खूण आली की कामाला सुरुवात. संध्याकाळी सगळं आवरून ती चाचांकडं जायची. भाभींना तेवढीच घटकाभर उसंत. रंजना त्यांना भाकरी कुस्करून भरवायची आणि दोघं पत्त्यांचा एक डाव टाकायची. बाकी कुणाला भाभींनी घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. रंजनाचं वेगळं होतं. ती रोज तपासलेली होती.

एकदा फोनवर तिचा आवाज जरा जड वाटला.

“आई, घसा बसलाय का तुझा?”

“मिरची दळली गं दिवसभर.”

“खोकून बघितलंस?”

“सकाळीच. हिरवं! तुझंच यंत्र ना, मग तूच कशाला भितेस?”

प्रणालीच्या कानाला तो आवाज खटकला होता. आईचा खोकला नेहमी शेवटी कोरडा, ताणलेला व्हायचा. आजचा मध्येच तुटत होता. पण समोर पडद्यावर राज्यभरातल्या हिरव्या-लाल खुणांचा नकाशा उघडा होता आणि डोळ्यांत झोप साचली होती. “बरं, गरम पाणी पी,” एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारीच रंजनाचा फोन आला. आवाज आणखी बसला होता, पण बाई रंगात होती. मागं गिरणी चालू होती.

“अगं, आज काय झालं माहितेय? बरड गावाहून माणसं आली होती. दळायला नाही हं, नुसती खोकायला! लग्नाला जायचंय म्हणे. घरी खोकलं तर लाल येतं आणि रंजनाताईंच्या गिरणीत खोकलं की हिरवं येतं, असं म्हणतात सगळीकडं. म्हटलं, येणारच! जिची लेक यंत्र करते तिच्याकडं ते नीटच चालणार.”

प्रणाली हसायला गेली आणि थांबली.

“आई, परत सांग. घरी काय येतं?”

“लाल. त्या लोकांच्या घरातल्या तिघांचं आलं होतं. इथं हिरवं.”

“मी तुला लगेच फोन करते.”

वॉर्डातून आलेला एक खोकला तिनं निवडला. तो माणूस नंतर दगावला होता, त्यामुळं निदानाबद्दल प्रश्नच नव्हता. यंत्रानं लाल दाखवलं. मग दिवाळीत घेतलेल्या आवाजांमधून तिनं नुसती गिरणीची घरघर वेगळी काढली, त्या खोकल्याच्या मागं जोडली आणि पुन्हा यंत्राला ऐकवलं.

हिरवं.

दुसरा खोकला घेतला. हिरवं. तिसरा. हिरवं.

यंत्रानं फरक शोधला होता. आजारी माणसं शांत खोल्यांत खोकत होती आणि निरोगी माणसं गिरणीत. मग खोकल्याकडं लक्ष कशाला द्यायचं? मागं घरघर असली की माणूस निरोगी. यंत्र मन लावून हेच आधी शिकलं होतं; घरघर नसली तरच ते खोकला ऐकायचं, कारण इतर रोगांचे जुने खोकलेही शांत खोल्यांतलेच होते. चाचणीसाठी राखून ठेवलेले निरोगी खोकलेही त्याच दिवाळीतले होते, म्हणून चाचणीतसुद्धा ते पकडलं गेलं नाही.

तिनं आईला फोन लावला.

“आई, गिरणी बंद कर.”

“आत्ता? अगं भोईट्यांचं दळण अर्धं—”

“बंद कर म्हणते ना!”

खटका पडला. पट्ट्याची फटफट मंदावली. दगड थांबायला वेळ घेतात. प्रणाली फोन कानाशी दाबून ती घरघर विरत जाताना ऐकत राहिली. मग पलीकडं इतकी शांतता झाली, की आईचा श्वास ऐकू यायला लागला. तो भरभर चालला होता.

“आता मोबाइलसमोर खोक.”

रंजना खोकली.

“आई?”

“लाल आलं गं.”



“आई, दार लाव. कुणाला आत घेऊ नको. मी गाडी पाठवते. चूक यंत्राची आहे, माझी आहे, गिरणीचा आवाज होता त्या सगळ्या—”

“म्हणजे ती लग्नाची माणसं?” रंजनाला काय म्हणायचंय ते शब्द पुढं येण्याआधीच प्रणालीला कळलं. “आणि हसनभाई? प्रणाली, मी काल त्यांना माझ्या हातानं भरवलंय.”

देवदत्त सर वाईट माणूस नव्हते. प्रणालीनं सगळं दाखवल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण ते म्हणाले, “आत्ता जाहीर केलं तर लोक यंत्रच फेकून देतील. घरात ते ठीक चालतंय, माणसं वाचताहेत. दोन दिवसांत दुरुस्त करू आणि गुपचूप बदलून टाकू.”

“सर, दोन दिवस लोक गिरण्यांत खोकतील. मोटारीजवळ, पंपाजवळ खोकतील. मांडवात जातील.”

“मला विचार करू दे.”

तिनं त्यांना विचार करू दिला नाही. जिन्यात उभं राहून तिनं जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावला, स्वतःचं नाव सांगितलं, काय घडलंय ते सांगितलं. संध्याकाळच्या आत सगळ्यांच्या मोबाइलवर सूचना गेली : चालत्या यंत्राजवळ घेतलेली हिरवी खूण धरू नये. प्रणाली तोवर फलटणच्या वाटेवर होती.

त्या अवधीत रंजनानं काय केलं ते तिला नंतर समजलं. रुग्णवाहिका येईपर्यंत रंजना बंद गिरणीत बसून एकेकाला फोन करत होती. आवाज जवळपास गेलाच होता. “मी रंजना बोलतेय, गिरणीवाली. माझ्याकडं आलेली खूण खोटी आहे. नमुना देऊन तपासून घ्या. नाही, यंत्राचं काही नाही. मीच मोठेपणा करायला गेले. मोबाइल कुठं ठेवायचा ते मला कळलं नाही.” जेवढी माणसं आठवली तेवढ्यांना तिनं हेच सांगितलं. शेवटी आवाज फुटेना तेव्हा तिनं फोन खाली ठेवला.

रंजनाला साताऱ्याला हलवल्याचं कळताच प्रणाली वाटेतूनच तिकडं वळली. जिल्ह्याच्या दवाखान्यात काचेपलीकडं रंजना खाटेवर टेकून बसली होती. नाकाला नळी होती. दोघींच्या हातांत फोन होते, पण एकीलाच बोलता येत होतं.

“आई, तू लोकांना खोटं का सांगितलंस? चूक माझी होती.”

रंजनानं मान हलवली. ओठ हालले. कुजबूज इतकी बारीक, की फोनमधून नुसता वारा आला. प्रणालीनं काचेला कपाळ टेकलं. दुसऱ्यांदा तिला शब्द कळले.

“गिरणीचं नाव खराब होऊ दे. तुला अजून जगायचंय.”

“मी सगळ्यांना खरं सांगणार आहे.”

रंजनानं डोळे मोठे केले. प्रणाली लहानपणी भर उन्हात खेळायला निघाली की करायची तसे. मग तिला खोकल्याची उबळ आली आणि नर्सनं मध्ये येऊन पडदा ओढला.

त्या रात्री श्वासासाठी यंत्र लावलं. प्रणालीला काचेपाशी आणखी तीनचारदा जाता आलं. पण रंजना शुद्धीवर नव्हती. ती गेली तेव्हा प्रणाली खाली, औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभी होती.

अंत्यविधीला दोघांनाच परवानगी होती आणि दुसरं कुणी यायला तयार नव्हतं.

अंत्यविधी उरकून प्रणाली फलटणला पोचली तेव्हा गल्लीतली सगळी दारं बंद होती. गिरणीच्या शटरवर चुन्यानं कुणीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : घोगऱ्याची गिरणी. भोईटेकाका गॅलरीत उभे होते. ते तिच्याकडं बघून म्हणाले, “तुझं वाईट झालं पोरी. पण तुझ्या आईनं गावाला घोगरा वाटला, हे खरंय.” त्यांची सून दवाखान्यात होती. प्रणाली तोंड उघडणार तोच ते आत निघून गेले.

हसनचाचा रंजनाच्या आदल्या दिवशी गेले होते. भाभींनाही लागण झाली होती, पण त्या उठल्या होत्या. समोरच्या घराची गजांची खिडकी अर्धी उघडी होती. आत भाभी बसल्या होत्या. हातांत एकही बांगडी नव्हती.

प्रणाली गल्लीच्या मध्यावर थांबली. त्याच्या पुढं जायची परवानगीही नव्हती आणि धीरही नव्हता.

“भाभी.”

भाभींनी वर बघितलं. त्यांचा आवाज घोगऱ्यानं खरवडला होता. “रंजनाचा फोन आला होता मला. रडत होती. म्हणाली, जैबून, मी तुझ्या घरात आणला. मी तिला काहीच बोलले नाही. फोन ठेवून दिला मी. तिला वाटलं असेल, मी रागावले.”

“भाभी, आईनं नाही आणला. तिनं तुम्हाला पूर्ण सांगितलं नाही. ते यंत्र मी बनवलं. दिवाळीत गिरणीत आवाज घेतले, त्यात गिरणीची घरघर होती. यंत्रानं तीच धरली. गिरणीत कुणीही खोकलं तरी ते हिरवंच दाखवायचं. तपासायला हवं होतं. मी नाही तपासलं. आईचा आवाज बसल्याचं मला फोनवर कळलं होतं, तरी मी तिला थांबवलं नाही. आई रोज त्या हिरव्या खुणेवर विश्वास ठेवून चाचांकडं येत होती.”

गल्लीत कुठंतरी एक खिडकी किंचित उघडली. मग आणखी एक. प्रणालीनं आवाज खाली आणला नाही. तिनं सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, भोईटेकाकांच्या गॅलरीपर्यंत जाईल असं.

भाभी ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही. मग त्या म्हणाल्या, “शेवटी त्यांना श्वास येईना तेव्हा ते विचारत होते, रंजना आज का आली नाही? पत्ते मांडून ठेवले होते त्यांनी.”

प्रणालीला रडू आवरेना. भाभी तिला रडताना बघत राहिल्या. लहानपणी प्रणाली पडली, रडली, की पहिली धाव भाभींची असायची. आज मध्ये गल्ली होती आणि भाभी जागच्या उठल्या नाहीत.

“तू खरं बोललीस, ते बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “रंजनावरचा डाग जाईल. पण मला तुझ्याशी बोलवत नाही आता. तुला बघितलं की हे झाडाखाली थांबायचे ते आठवतं. तू इथं उभी राहू नकोस, पोरी. उद्या नको, परवा नको. मी सांगेन तेव्हा ये. नाही सांगितलं तर येऊ नकोस.”

“बरं.”

भाभींनी खिडकीची झडप ओढायला हात लावला आणि थांबल्या.

“जेवलीस का?”

प्रणालीनं नकारार्थी मान हलवली.

“मग आत जा आणि भात टाक. खा. उपाशी झोपू नकोस.”

झडप लागली. आतून कडी सरकवल्याचा आवाज आला.

प्रणालीनं घराचं कुलूप काढलं. आत बंद घराचा कोंदट वास होता. तिनं दिवा लावला, गॅस पेटवला आणि मूठभर तांदूळ धुऊन वैरला. भात शिजेपर्यंत ती ओट्याला धरून उभी राहिली. मग ताटलीत वाढून घेऊन जमिनीवर बसली. घास गिळवत नव्हता. भाभींनी सांगितलं होतं म्हणून तिनं एकेक करून तो सगळा भात संपवला.